कुसळ आणि मुसळ

९ मार्च आला आणि गेला. २०२० साली याच तारखेला दुबईहून परतलेल्या पुण्यातल्या एका जोडप्याचा अहवाल पॉझिटिव्ह आला, महाराष्ट्रातला करोना त्या दिवसापासून मोजला गेला आणि ज्यांनी नायडू रुग्णालयाचं नावही कधी घेतलं नव्हतं त्यांच्या तोंडी ते बसलं. यंदा त्या दिवशी आमच्याकडे येणारा पेपर मी दोनदा चाळला. मेट्रो होती, खड्डे होते, आंब्याची पहिली पेटी होती. करोना नव्हता. असो म्हटलं आणि चहा टाकला.

त्याच आठवड्यात, मी जिथं सत्तावीस वर्षं शिकवलं त्या महाविद्यालयातून प्रयोगशाळेतल्या मामांचा फोन आला. "मॅडम, तपासणी समिती यायचीय. कपाटं रिकामी करायला सांगितलीत. ती मण्यांची माळ तुमचीच ना?" मी रिक्षा करून पोचेपर्यंत भंगारवाल्याचा टेम्पो निघून गेला होता. मामा बिचारे ओशाळले. "तांब्याची तार होती ना मॅडम, भाव बरा आला," एवढंच सांत्वन त्यांना सुचलं.

ती माळ नव्हती. माणसाच्या पेशीवरचं एक प्रथिन आणि २००३ च्या सार्स विषाणूचा काटा एकमेकांना नेमके कुठं चिकटतात, ते दाखवणारं ते आम्ही हातानं केलेलं जोडकाम होतं. ते तांब्याच्या भावानं गेलं, म्हणून हा मागोवा. रागात लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते.

चिकटण्याचं आधी बघू, कारण त्याबद्दल सहा वर्षांपूर्वी फार भलतंसलतं छापलं गेलं. प्रत्येक लेखात एक कुलूप आणि एक किल्ली. विषाणूचा काटा म्हणजे किल्ली, पेशीवरचं एसीई-टू हे प्रथिन म्हणजे कुलूप. पण कुलूप आणि किल्ली दोन्ही लोखंडाची. किल्ली फिरवताना कुलूप हलत नाही, आणि दार उघडल्यावर किल्लीचा आकार बदलत नाही. प्रथिनं सतत हलत असतात, मान वळवतात, अंग चोरतात.

मला विचाराल तर पावसाळा सरल्यावर वेताळ टेकडीवर जा. गवत सोनेरी झालेलं असतं आणि घरी येईतो पायजम्याला कुसळं लागलेली असतात. कुसळ उपटायला बसलं की कळतं, निसर्गानं केवढी अक्कल वापरली आहे. टोकाला बारीक सुई, सुईवर उलटे केस आणि मागं लांब पिळाची शेपूट. नुसतं घासून गेलात तरी टोक धाग्यात अडकतं. मग दव पडलं की शेपटीचा पीळ सुटतो, ऊन लागलं की पुन्हा पडतो, आणि पीळ सुटता-पडता टोक आत आत शिरतं. उलट्या केसांमुळं मागं येत नाही. आधी चिकटायचं, मग आकार बदलून घुसायचं.

करोनाचा काटा अगदी असाच वागतो. एका काट्यात एकाच प्रथिनाचे तीन धागे एकत्र वळलेले असतात आणि प्रत्येक धाग्यात १,२७३ अमिनो आम्लांच्या कड्या. प्रत्येक धाग्यावर २२ ठिकाणी साखरेच्या साखळ्या लोंबत असतात, म्हणजे एका काट्यावर ६६. आपल्या प्रतिकारशक्तीला खालचं अंग दिसू नये म्हणून घेतलेली ही गोधडी. काट्याच्या डोक्याशी चिकटण्याचे तीन भाग असतात. एरवी ते खाली मान घालून असतात. त्यातला एखादा मान वर काढतो तेव्हाच एसीई-टूला हात लागतो. चिकटल्यावर पेशीच्याच कात्र्या, म्हणजे प्रथिनं कापणारी विकरं, काट्याचा आतला भाग मोकळा करतात. वरचं टोपण गळून पडतं, आतली स्प्रिंग सरळ होते, तिचं टोक पेशीच्या पडद्यात रुततं. मग ती स्प्रिंग स्वतःवरच दुमडते आणि विषाणूचा पडदा पेशीच्या पडद्याला खेचून आणते. दोन्ही पडदे एक झाले की काम फत्ते.

हे सगळं आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असल्यासारखं बोलतात. पण ते बघायला शिकलेली माणसं या शहरात खूप आधीपासून होती.

सुरुवातीची वर्षं मी पळत ओलांडणार आहे, कारण ती मी पाहिली नाहीत आणि त्यावर भाषणं पुष्कळ झाली आहेत. १९५२ साली रॉकफेलर फाउंडेशन आणि आयसीएमआर यांनी मिळून पुण्यात विषाणू संशोधन केंद्र काढलं. १९५७ मध्ये त्यांनी कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलातला गोचिडीवाटे पसरणारा विषाणू शोधला; आपण त्याला माकडताप म्हणतो. १९७८ मध्ये केंद्राचं नाव राष्ट्रीय विषाणू संस्था झालं, एनआयव्ही. इतकं पुरे.

मला सांगायचं आहे ते साधारण १९९५ ते २००५ या दहा वर्षांचं. मी नुकती नोकरीला लागले होते. गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या आवारात त्या काळी दोन वेड्या जागा होत्या. एक सी-डॅक, ज्यांनी १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला आणि ज्याच्याबद्दल सगळा देश बोलत होता. दुसरी बायोइन्फॉर्मॅटिक्स सेंटर, १९८७ मध्ये सुरू झालेली, जिच्याबद्दल शेजारच्या विभागातले लोकही बोलत नव्हते. हा शब्दच तेव्हा नीट कुणाला म्हणता येत नसे.

तिथं अशोक कोळसकर होते. त्यांनी आणि प्रसाद तोंगावकर यांनी १९९० मध्ये एक छोटा शोधनिबंध लिहिला होता. प्रथिनाचा नुसता अमिनो आम्लांचा क्रम हातात असताना, त्यातला कोणता तुकडा शरीराच्या प्रतिपिंडांना 'दिसेल', याचा अंदाज बांधण्याची ती रीत. ज्ञात उदाहरणं तपासून त्यांनी दाखवलं की सिस्टीन, ल्यूसीन आणि व्हॅलीन ही पाण्यापासून दूर राहू पाहणारी आम्लं पृष्ठभागावर आली असतील, तर तो तुकडा बहुधा नजरेत भरणारा असतो. अंदाज सुमारे ७५ टक्के वेळा बरोबर येई. कागद-पेन्सिलीनं करता येईल असा हिशेब. तीस वर्षांनी करोनाच्या लशीसाठी तुकडे शोधणाऱ्या जगभरच्या लोकांनी हीच पुणेरी रीत वापरली. त्यातल्या कितीजणांना गणेशखिंड नकाशावर दाखवता आली असती, देव जाणे.

कोळसकर पुढं विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पण माझ्या मनात राहिलं ते १९९९ चं काम. जपानी मेंदूज्वराच्या विषाणूवरचं आवरणाचं प्रथिन कसं दिसतं, हे तेव्हा कुणी पाहिलेलं नव्हतं. त्याच घराण्यातल्या, गोचिडीवाटे युरोपात पसरणाऱ्या एका विषाणूचं प्रथिन मात्र १९९५ मध्ये क्ष-किरणांनी उलगडलं गेलं होतं. कोळसकर आणि ऊर्मिला कुलकर्णी-काळे यांनी त्या चुलतभावाच्या सांगाड्यावर मेंदूज्वराच्या प्रथिनाचा क्रम बसवून त्याचं त्रिमित रूप बांधलं आणि प्रतिपिंडं कुठं बसतील ते त्यावर नोंदवलं. शिंप्यानं धाकट्याच्या मापासाठी थोरल्याचा सदरा घ्यावा, तसं. प्रत्यक्ष स्फटिकातून त्या प्रथिनाची रचना जगासमोर आली २०१२ मध्ये, १३ वर्षांनी. मधल्या काळात बघायला होतं ते हेच.

त्या दिवसांत आम्ही प्रथिनं कशी बघत असू, ते आताच्या मुलांना सांगितलं तर हसतील. जगभरच्या प्रथिनरचनांचं भांडार सीडीवर टपालानं येई. रासमोल नावाचं एक सॉफ्टवेअर होतं, एका फ्लॉपीत मावणारं आणि फुकट. महाविद्यालयातल्या एकुलत्या एक संगणकावर वाणिज्य शाखेची टॅली चाले. त्यांची वेळ संपली की संध्याकाळी तो आम्हाला मिळे. काळ्या पडद्यावर कार्बन राखाडी, ऑक्सिजन तांबडा, नायट्रोजन निळा, गंधक पिवळं. माउसनं प्रथिन हळूहळू फिरवायचं, एका खाचेपाशी थांबायचं आणि विचारायचं, इथं काय बसत असेल? तास तास जाई. आम्ही त्याला बघणं म्हणत असू. 'आज काय केलं?' 'लायसोझाइम बघितलं.' एवढंच उत्तर पुरत असे.

या बघण्याची टिंगल करणारे कमी नव्हते. खऱ्या प्रयोगवाल्यांच्या लेखी आम्ही रंगीत चित्रंवाले. एका परिसंवादात मी असंच एक प्रथिन पडद्यावर फिरवून दाखवलं, तेव्हा पहिल्या रांगेतले एक ज्येष्ठ गृहस्थ उठले. "बाई, हे सगळं छान आहे. पण तुमच्या या प्रथिनाला हात लावता येतो का?" सभागृह खदाखदा हसलं. मीही हसले, नाइलाजानं. तो हिशेब बरीच वर्षं उघडा होता.

मग २००३ मध्ये सार्स आला. जगात ८,०९६ रुग्ण, ७७४ मृत्यू. भारतात अवघे ३ रुग्ण नोंदले गेले, मृत्यू एकही नाही. आपल्याकडे तो लग्नातल्या दूरच्या पाहुण्यासारखा आला आणि न जेवता गेला. पण त्याच वर्षाअखेर अमेरिकेतल्या मायकेल फर्झान यांच्या गटानं दाखवून दिलं की हा विषाणू पेशीवरच्या एसीई-टूला धरतो. हे प्रथिन हृदय आणि मूत्रपिंडवाल्यांना थोडंफार माहीत होतं. रक्तदाबाशी संबंधित एक रेणू तोडण्याचं त्याचं साधं कारकुनी काम. आणि सप्टेंबर २००५ मध्ये 'सायन्स'मध्ये त्या दोघांचं एकत्र छायाचित्र आलं: काट्याचं डोकं आणि एसीई-टू, स्फटिकात गोठलेले, एकमेकांना धरलेले.

मी तो निबंध फर्ग्युसन रस्त्यावरच्या सायबर कॅफेत छापून घेतला आणि उभ्या उभ्या वाचला. त्यात एक गोष्ट अशी होती की मला अजून ती पान, ओळ, जागा यांसकट आठवते. उदमांजरातला विषाणू माणसाच्या पेशीला नीट धरू शकत नव्हता. माणसात पसरलेला धरत होता. फरक मुख्यतः दोन कड्यांचा. ४७९ व्या जागी उदमांजरातल्या विषाणूत लायसिन होतं, धन भाराचं. समोर आपल्या प्रथिनातही ३१ व्या जागी लायसिनच, धन भाराचं. दोघं एकमेकांना ढकलत. माणसातल्या विषाणूत तिथं शांत स्वभावाचं ॲस्परॅजिन आलं. दुसरी जागा ४८७. तिथं सेरीन होतं, त्याचं थ्रिओनिन झालं. सेरीन आणि थ्रिओनिनमध्ये फरक एका मिथाइल गटाचा: एक कार्बन, तीन हायड्रोजन. तेवढा चिमूटभर गट पुढं येऊन आपल्या प्रथिनाच्या ३५३ व्या कडीला, पुन्हा एका लायसिनला, टेकतो. त्या टेकण्यानं पकड घट्ट होते.

चार अणू. एका प्राण्याचा विषाणू दुसऱ्या प्राण्याचा होतो की नाही, हे चार अणूंच्या टेकूवर येऊन ठेपावं! घरी आल्यावर मी ठरवलं, याला हात लावता आलाच पाहिजे.

एमएस्सीच्या वर्गात जुन्नरकडची एक मुलगी होती, हातानं काही करायला दिलं की खुलणारी. दिवाळीच्या आधी आम्ही दोघी तुळशीबागेतून तोरणाचे मोठे मणी आणि तपकीर गल्लीतून जाड तांब्याची तार घेऊन आलो. प्रमाण ठरवलं: एक अँगस्ट्रॉमला एक सेंटिमीटर. एका कडीला एक मणी. एसीई-टूचा विषाणूला भिडणारा मुख्य भाग म्हणजे सुरुवातीचं मळसूत्र. त्याला दर ३.६ कड्यांना एक वेढा आणि दर वेढ्याला ५.४ अँगस्ट्रॉमची चढण. वेटोळ्याची जाडी हवी साडेचार सेंटिमीटरच्या आसपास. लाटणं बारीक पडलं. बाटली जाड पडली. शेवटी सासूबाईंनी माळ्यावरून मुसळ काढायला लावलं आणि त्याची मुठीशी निमुळती झालेली जागा अगदी मापात बसली. तार त्यावर गुंडाळली, साधारण सव्वाचार सेंटिमीटरला एक मणी घातला, म्हणजे मण्यापासून मण्यापर्यंत सरळ रेषेत ३.८ भरत होतं, पुस्तकात असतं तसं. "तुमच्या त्या विषाणूचं कुसळ आमच्या मुसळाला लागलं म्हणायचं," सासूबाई म्हणाल्या. त्या सातवी शिकलेल्या होत्या.

३५३ चा मणी निळा घेतला, कारण धन भार निळा दाखवायची रीत आहे. ४८७ चा लाल, आमच्या हौसेखातर. लाल मणी निळ्याला टेकला तेव्हा त्या पोरीनं टाळी वाजवली.

इथं माझं दशक संपतं. पुढची चौदा-पंधरा वर्षं मला कंटाळवाणी गेली आणि वाचकालाही जातील. आयसर पुण्यात आलं २००६ मध्ये, चांगली माणसं आली. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राला २०११ मध्ये शेखर मांडे संचालक मिळाले. मूळचे नागपूरचे, क्षयाच्या जंतूंची प्रथिनं स्फटिकातून वाचणारे. रचनाशास्त्राचा माणूस एका मोठ्या संस्थेच्या खुर्चीत बसलेला पाहून आम्हा चित्रंवाल्यांना बरं वाटलं. पुढं ते सीएसआयआरचे महासंचालक झाले आणि करोना आला तेव्हा त्याच खुर्चीत होते. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला, चार महिने मास्क विकले गेले आणि शहर विसरलं. तीच रंगीत तालीम होती. आपण तालमीला गेलो, संहिता घरी ठेवली.

आणि मग २०२०. ३० जानेवारीला केरळमधल्या पहिल्या भारतीय रुग्णाचा अहवाल पुण्याच्या एनआयव्हीतून आला. त्या घशातल्या स्रावाच्या नमुन्यातून अतनु बसू आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूचे ७ कण टिपले. त्यांतला एक नीट शाबूत होता, ७५ नॅनोमीटरचा, कडेला गोल बोंडं असलेले काटे. मार्चअखेर ते चित्र प्रसिद्ध झालं. अस्पष्ट, करडं, ठिपक्याठिपक्यांचं. सगळीकडे संगणकानं रंगवलेले लाल काट्यांचे चेंडू फिरत होते, तेव्हा हे करडं चित्र मी छापून फ्रिजवर लावलं. कारण ते रंगवलेलं नव्हतं, दिसलेलं होतं.

तोवर परदेशातल्या प्रयोगशाळांनी धडाका लावला होता. फेब्रुवारीत अख्खा काटा अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीनं उलगडला, मार्चअखेर काट्याचं डोकं आणि एसीई-टू यांची पकड २.४५ अँगस्ट्रॉमच्या बारकाईनं छापून आली: विषाणूच्या बाजूच्या १७ कड्या, आपल्या बाजूच्या २०. सार्सच्या वेळी ज्याला तीन वर्षं लागली, त्याला तीन महिने. मी त्या १७ मध्ये आधी माझी लाल कडी शोधली. नवा विषाणू थोडा लांब असल्यानं आकडे पुढं सरकले होते. ४७९ ची जागा आता ४९३, आणि ४८७ ची जागा ५०१.

डिसेंबरअखेर ब्रिटनमधला नवा प्रकार गाजू लागला, ज्याच्या ५०१ व्या जागी ॲस्परॅजिनऐवजी टायरोसीन आलं होतं. रात्री साडेदहाला फोन वाजला. जुन्नरची ती मुलगी. आता चाळिशीला टेकलेली, एका सॉफ्टवेअर कंपनीत विम्याचे हिशेब सांभाळणारी. ना नमस्कार, ना चमत्कार. "मॅडम, ५०१ म्हणजे आपलं ४८७ च ना? लाल मणी?"

हो म्हटलं. लाल मणीच. त्या जागी आता एक चपटं कडं आलंय आणि ते पुन्हा त्याच ३५३ ला भिडतंय. दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

२०२१ चा उन्हाळा पुणेकराला सांगायला नको. वैकुंठाचा धूर, रात्रभर रुग्णवाहिका, बेडसाठी याद्या. २४ मार्चला आरोग्य मंत्रालयाच्या पत्रकातून 'डबल म्युटंट' हा शब्द सुटला आणि वाहिन्यांनी तो भुतासारखा नाचवला. याच काळात एनआयव्हीतल्या सारा चेरियन आणि सहकारी महाराष्ट्रातल्या नमुन्यांमधले बदल शांतपणे एकेका कडीवर बसवून बघत होते. ४५२ व्या जागी तेलकट स्वभावाच्या ल्यूसीनऐवजी धन भाराचं आर्जिनीन. ४८४ व्या जागी ऋण भाराच्या ग्लुटामिक आम्लाऐवजी ग्लुटामिन. एसीई-टूचं विषाणूला भिडणारं अंग मुळात ऋण भाराकडे झुकलेलं. त्याच्याजवळ धन वाढलं, ऋण घटलं, तर ओढ वाढणारच. आणि तिसरा बदल चिकटण्याच्या जागेपासून लांब, कात्री चालते तिथं: ६८१ व्या जागी प्रोलीन जाऊन आर्जिनीन. फ्युरिन या कात्रीला आर्जिनीन फार प्रिय. म्हणजे चिकटणं सोपं आणि कापणंही सोपं. कुसळाची सुई अणकुचीदार, वर पीळही सैल. ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं ग्रीक नावं दिली. ४५२ आणि ६८१ चे बदल घेऊन, ४८४ ऐवजी ४७८ बदलून जो भाऊ पुढं गेला, तो डेल्टा. जगानं त्याला आपल्याकडून घेतलं.

लशींबद्दलही एक सांगते, कारण ते याच चिकटण्याच्या गोष्टीत येतं. १२ जानेवारी २०२१ ला मांजरीच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून कोविशील्डचे पहिले ट्रक पूजा करून निघाले. त्या लशीतला काटा विषाणूचा होता तसाच होता. पुढं त्याच सीरमनं कोव्होव्हॅक्स आणली, तिच्यातल्या काट्यात ९८६ आणि ९८७ या जागी दोन प्रोलीन मुद्दाम घातलेले. प्रोलीन ही ताठ कडी, वाकत नाही. स्प्रिंग सुटू नये म्हणून ठोकलेली पाचरच ती. कुसळाचा पीळ सुटला नाही तर शरीराला ते मूळ रूपात नीट बघता येतं. ही पाचर सुचली ती महासाथीआधी काही वर्षं, दुसऱ्याच एका करोना विषाणूच्या काट्याकडे बघत बसलेल्या लोकांना. त्याच मांजरीच्या आवारात २१ जानेवारीला आग लागून ५ कामगार गेले. ९ मार्च विसरणाऱ्या शहरानं ती तारीख कधी लक्षात ठेवलीच नव्हती.

आता माझं आजचं गाऱ्हाणं. २०२४ चं रसायनाचं नोबेल प्रथिनांच्या रचनांचा संगणकी अंदाज आणि घडण यांना मिळालं. अल्फाफोल्डनं वीस कोटींहून जास्त प्रथिनांची रूपं फुकट खुली केली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. कोळसकरांनी सदरा मापून जे केलं, ते आता यंत्र कपाटभर करतं. पण हे यंत्र शिकलं कशावर? १९७१ मध्ये ७ रचनांनी सुरू झालेल्या त्या भांडारावर, माणसांनी स्फटिक वाढवून, गोठवून, मोजून भरलेल्या. आणि एका कडीतला एक मिथाइल बदलला तर पकड किती घट्ट होईल, हे ते खात्रीनं सांगत नाही. त्याच्या कर्त्यांनीही तसा दावा केलेला नाही. महासाथीत नेमकं तेच विचारायचं होतं. हल्ली मुलं क्रम टाकतात, चित्र उतरवतात, प्रबंधात डकवतात. फिरवून बघत कुणी नाही. आणि ज्यांनी दुसऱ्या लाटेत रात्र रात्र नमुने वाचले त्यातल्या कंत्राटी पोरापोरींची कंत्राटं संपली. प्रकल्प संपला की माणूस संपला, ही आपली रीत जुनीच आहे.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दाखवून झालं. आता स्वतःचं मुसळ. २००६ च्या जूनमध्ये ती जुन्नरची मुलगी माझ्याकडे आली होती. एका बाजूला संशोधनाची तुटपुंजी विद्यावृत्ती, विषय विषाणूंची प्रथिनं. दुसऱ्या बाजूला हिंजवडीचं नेमणूकपत्र. "मॅडम, काय करू?" मी म्हटलं, घरी आई एकटी आहे, नोकरी घे. हे मण्यांचे खेळ हौसेला ठीक. अगदी हेच शब्द, 'मण्यांचे खेळ'. पहिल्या रांगेतल्या त्या गृहस्थांचा प्रश्न मी वेगळ्या भाषेत तिला विचारला होता. जोडकाम भंगारात गेल्याचं दुःख करायचा मला अधिकार किती, हे टेम्पो गेल्यावर रिकाम्या कपाटापुढं उभं राहून मी स्वतःला विचारलं. उत्तर फार नव्हतं.

तिला फोन करून सांगितलं, माळ गेली. ती म्हणाली, "तार मी आणते. मुसळ आहे ना अजून?"

मुसळ आहे, माळ्यावर. तुमच्या शाळा-महाविद्यालयाच्या कपाटात अशी काही माळ असेल, तर तपासणी समितीच्या आधी ती एकदा हातात घेऊन बघा. विषाणू बदलत राहील. सेरीनचं थ्रिओनिन झालं, ॲस्परॅजिनचं टायरोसीन झालं, पुढंही काही होईल. आपल्या बाजूचं ३५३ वं लायसिन मात्र २००३ मध्ये जिथं होतं, आजही तिथंच आहे.